डावे फर्मे

आमच्या वडिलांना सगळी गल्ली घुम्या म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बूट शिवणारा माणूस गिऱ्हाइकाशी चार गोष्टी बोलतो, हे फक्त म्हणायचे, "डावा आधी." कुणीही येवो, माप डाव्या पायाचंच आधी. कारण विचारलं की टेप गळ्यात टाकून आत जायचे. मी चौदा वर्षं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून काम केलं. तेवढ्या वर्षांत आम्ही जेवढं बोललो, तेवढं लोक बसस्टॉपवर अनोळखी माणसाशी बोलतात.

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पावलाचा लाकडी फर्मा ते स्वतः घडवत आणि त्यावर नाव लिहीत. त्याच्यावर चामडं ताणून ठोकलं की बूट आकाराला येतो. वर्षातून एकदा, थंडी सरली की, एक खोकं काखोटीला मारून ते दिवसभर गायब व्हायचे. "चामडं बघायला," म्हणायचे. खोकं भरलेलं जायचं आणि चामडं कधीच यायचं नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

आईचं तिसरंच. ती हिवाळाभर मोजे विणायची आणि प्रत्येक जोडीतला एक तोकडा. मी चिडवायचे, "आई, तुझं माप म्हणजे देवाच्या हवाली!" ती हसायची नाही.

वडील या हिवाळ्यात गेले. दुकान आवरताना माळ्यावर बिननावाचे फर्मे सापडले, तान्ह्या पावलापासून थेट मोठ्या माणसाच्या पावलापर्यंत. उजवे झकास होते. डावे मात्र सगळे तोकडे, टाचेशी वळलेले. मला वाटलं, बिघडलेला माल. जीव लावून घडवलेला, टाकवला नसेल. ते सगळे डावे मी शेगडीत घातले. लाकूड चांगलं वाळलेलं होतं, दोन दिवस दुकान उबदार राहिलं.

मग थंडी सरल्यावर एका संस्थेतून फोन आला. तिथल्या बाई म्हणाल्या, "यंदा बूट आले नाहीत हो. जुने फाटलेत आणि दुसरे तो घालत नाही. महिना झाला, खोलीबाहेर पाऊल टाकलेलं नाही."

"कोण तो?"

त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही घरच्याच ना?"

वडील गेल्याचं सांगून मी फोन ठेवला आणि आईसमोर जाऊन विचारलं, "त्या संस्थेत कोण आहे?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुझा भाऊ," ती म्हणाली. "तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पाय तसा, आणि समजही कमीच राहणार म्हणाले डॉक्टर. त्याला संस्थेत ठेवलं आणि तुझ्या आजीनं सगळ्यांना सांगून टाकलं, मूल दगावलं. आम्ही नाही म्हटलं नाही."

"आणि नंतर?"

"नंतर कुणी विचारलंच नाही."

मला तिचा भयंकर राग आला. लहानपणी भाऊ हवा म्हणून मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा हिनं मला बाहुली आणून दिली होती. चामड्याच्या तुकड्यांशी एकटीच खेळत मोठी झाले मी. आणि आता डावे फर्मे जाळून बसले होते.

"चल माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडानं येऊ?" तिनं कपाटातून यंदाचे मोजे काढून माझ्या हातात दिले आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

संस्थेतल्या बाईंनी दारातच बजावलं, "वडील गेल्याचं बोलू नका. कामात आहेत म्हणा."

तो कॉटवर बसला होता. केस पिकलेले, कान थेट वडिलांचे. कॉटखाली जुन्या बुटांची रांग होती. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"बाबा?"

कामात आहेत, हे शब्द ओठांवर आले होते. आमच्या घराण्याला त्याची सवयच.

"बाबा वारले," मी म्हटलं. "मी तुझी बहीण. बूट आता मी करणार."

तो खूप वेळ दाराकडेच बघत राहिला. मला रडू आवरेना. ते दिसू नये म्हणून मी खाली बसले, टेप काढली आणि जवळचा पाय धरला. तो उजवा होता. त्यानं तो हळूच सोडवून घेतला. मग तोकडा मोजा घातलेला दुसरा पाय उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"डावा आधी," तो म्हणाला.