दस्तीखालची चावी

दस्तीआप्पांनी भाव कधी तोंडानं सांगितला नाही. परंड्याच्या जनावरांच्या बाजारात दलाली करताना ते खांद्यावरची दस्ती, म्हणजे तो चौकड्याचा मळका रुमाल, समोरच्याच्या हातावर टाकायचे, खालून त्याची बोटं धरायचे आणि स्वतः आभाळाकडं बघत राहायचे. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. शंभर, हजार की लाख, हे समोरच्या मालावरून समजून घ्यायचं. भोवती गर्दी असली तरी सौदा दोघांतच राहायचा. ही सवय एवढी अंगात भिनली होती की लेकीच्या लग्नाला किती खर्च आला, असं पाहुण्यांनी विचारलं तरी आप्पांचा हात आधी खांद्याकडं जायचा.

मी धाराशिवला जुन्या गाड्यांचा धंदा करतो. तुळजापूर रोडला आधी पत्र्याचं शेड होतं, आता काचेचं दुकान आहे. मला कुणी हात धरून वर आणलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. तसं बघितलं तर ते खोटं आहे. हात धरला होता, फक्त तो दस्तीखाली होता म्हणून कुणाला दिसला नाही. मी तेव्हा शेळ्या विकायचो. एकदा भावावरून एका गिऱ्हाइकाची गचांडी धरली, तेव्हा आप्पांनी मला बाजूला ओढलं. "तिखटराव," ते म्हणाले, "मिरची इकायची आसंल तर खुशाल तापा. जनावर इकायचं तर थंड ऱ्हावा." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी तिखटराव आणि ते माझे गुरू. थंड राहणं मात्र मला कधी जमलं नाही.

त्यांचं एक वाक्य मी दुकानात नव्या पोरांना अजून ऐकवतो : "तोंड बाजारासाठी आसतंय, बोट इमानासाठी." दलाल तोंडानं काय वाट्टेल ते ओरडेल, बैलाला हत्ती म्हणेल, ते बाजाराला माफ आहे. पण दस्तीखाली एकदा बोट दाबलं की ते खरं. तिथं खोटं बोलणाऱ्याचा हात बाजारात पुन्हा कुणी धरत नाही.

दुसरी गोष्ट दाव्याची, म्हणजे जनावर बांधायच्या दोराची. बैल विकला की आप्पा आधी मालकाला दावं सोडून घ्यायला लावायचे. नवीन मालकानं आपलं दावं आणायचं, जुनं द्यायचं नाही. नवशिक्या मालकानं दाव्यासकट बैल दिला तर आप्पा पळत जाऊन दावं सोडवून आणायचे. "जनावर जातंय, जाऊ द्या. दावं घरात ऱ्हायलं पायजे. दावं गेलं की दावण कायमची मोकळी," म्हणायचे. त्यांच्या गोठ्यातल्या खुंटीला त्यांनी आयुष्यात पाळलेल्या प्रत्येक बैलाचं दावं टांगलेलं होतं. बैल कधीच गेलेले. दावी मात्र वाऱ्यानं हलायची.

त्याच रिकाम्या गोठ्यात पुढं ती लाल गाडी आली. आप्पांचा लेक सुहास पुण्यात मोठ्या पगाराला लागला आणि त्यानं हौसेनं एक वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली, बापाच्या नावावर. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, छप्पर मागं घडी होणारी. गावानं तिचं नाव ठेवलं बसकी. गावातल्या गतिरोधकावर ती पोटाला घासायची, म्हणून पोरं पुढं पळत जाऊन फळ्या अंथरायची. मग सुहास कॅनडाला गेला. जाताना गाडी गोठ्यात लावून म्हणाला, आलो की चालवतो.

आप्पांना गाडी चालवता येत नव्हती. पण ती त्यांनी सांभाळली तशी माझ्या धंद्यात मी एकही गाडी सांभाळलेली बघितली नाही. बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, जुन्या लुगड्यांची झूल शिवून घेतली. रोज सकाळी आत बसून इंजिन सुरू करायचे आणि घुमू द्यायचे. अधूनमधून गल्लीतल्या दोघांना बोलावून गाडी हातभर पुढं ढकलायचे. का, तर जनावर एका कुशीवर लई वेळ पडलं की अंग धरतंय. पोळ्याला शिंगं नाहीत म्हणून आरशांना गोंडे बांधायचे. चावडीवरचं कुणीतरी विचारायचं, "आप्पा, हिला पेंड किती लागती?" आप्पा म्हणायचे, "तुझ्यापरीस कमी खाती, आन् वराडती बी कमी."

सुहास आला नाही. आधी सुट्टी नव्हती, मग लग्न तिकडंच झालं, मग घर झालं. एक दिवस त्यानं फोनवर सांगितलं, आप्पा, गाडी विकून टाका, आता कोण चालवणार. त्या दुपारी आप्पांचा मला फोन आला. "तिखटराव, जनावर काढायचंय," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, माझ्यावर सोडा.

ही गाडी माझ्यासाठी साधी नव्हती. तोवर मी छोट्या गाड्या विकणारा माणूस होतो. सोलापूरचे एक डॉक्टर माझ्यामार्फत पहिल्यांदाच गाडी घेणार होते, आणि त्यांच्यामागं त्यांच्यासारखी आणखी गिऱ्हाइकं होती. ते गोठ्यात आले, झूल काढली, खाली वाकून बघितलं, आत बसून बघितलं. असा माल पुण्यातसुद्धा मिळत नाही, म्हणाले. भाव ठरला, कागद झाले. आप्पांनी चावी दिली. डॉक्टरांनी हात पुढंच ठेवला आणि विचारलं, "दुसरी?"

अशा गाडीला दोन चाव्या असतात. एक हरवली तर कंपनीकडून सगळं नव्यानं करून घ्यावं लागतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, माल चोरीचा तर नाही. मी आप्पांकडं बघितलं.

"चावी एकच हाय," आप्पा म्हणाले.

मी पुन्हा विचारलं. आप्पांनी दस्ती काढून माझ्या हातावर टाकली आणि माझी दोन बोटं धरली. घट्ट. या वेळी आभाळाकडं नाही, माझ्या डोळ्यांत बघत होते.

माझं डोकं फिरलं. भाव ठरल्यावर, कागद झाल्यावर, गिऱ्हाइकासमोर हा माणूस आणखी दोन मागतो. दोन म्हणजे लाखच, गोठ्यात दुसरा माल कुठं होता. मी हात हिसडून काढला. दस्ती शेणामातीत पडली. मी म्हणालो, "ठरल्यावर भाव वाढवायचा न्हाय, हे तुमीच शिकवलं ना आप्पा? म्हातारपणी बुद्धी फिरली का?"

आप्पांनी दस्ती उचलली, झटकली, खांद्यावर टाकली. डॉक्टरांनी चावीपायी भाव पाडला आणि ती तूट माझ्या दलालीतून गेली. पोरांनी फळ्या अंथरल्या, गाडी बार्शीच्या रस्त्याला लागली. सगळा गाव गाडीकडं बघत होता, आप्पा एकटे गोठ्याकडं. डॉक्टरांनी पुढं माझ्याकडं एकही गिऱ्हाईक पाठवलं नाही.

मी तो राग पाळला. बाजारात, हॉटेलात, जिथं आप्पांचं नाव निघेल तिथं मी सांगायचो : दस्तीखाली इमान शिकवणाऱ्या माणसानं दस्तीखालीच माझा गळा धरला. हे त्यांच्या कानावर जायचं. एकदा त्यांच्या गावचा माणूस निरोप घेऊन आला, "आप्पा म्हणले, तिखटरावाला सांग, बोटं परत मोज." मला वाटलं, अजून पैसेच मागतायत. मी निरोप्याला चहासुद्धा पाजला नाही.

आप्पा गेल्याचं मला उशिरा कळलं. तेराव्याला गेलो. सुहास दोन दिवस येऊन परत गेला होता. गोठ्यात जमिनीवर तेलाचा एक काळा डाग आणि खुंटीवर दावी. काकूंनी त्या दाव्यांमधून एक गाठोडं काढून माझ्या हातात ठेवलं. आप्पांची दस्ती होती. सोडली, तर आत काळी, बटणांची चावी. बटण दाबलं तर तिच्यावरचा बारका दिवा लागला.

"सेल संपला की बार्शीहून आणायचे," काकू म्हणाल्या. "रोज दिवेलागणीला हितं हुबं ऱ्हायचे आन् बटन दाबायचे. म्या म्हनायची, आवो, गाडी गेली, काय दाबताव? तर म्हनायचे, दावं हाय हे. पोराचं दावं घरातच ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, "काकू, मग माझ्याशी खोटं का बोलले?"

काकूंना ते पटलं नाही. "तुमाला खोटं न्हाय सांगितलं. डाक्टरला तोंडानं एक म्हनले. ‘तिखटरावला म्या बोटानं दोन सांगितलंय, त्येला ठावं हाय,’ म्हनायचे. आन् ‘म्या गेल्यावर त्येलाच द्या’ म्हनले."

तक्रार माझी अजून आहे. तोंडानं कानात एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? मी डॉक्टरला सांभाळून घेतलं असतं. पण हे वाक्य मी ज्यांना ऐकवणार, त्या आप्पांनीच आयुष्यभर मला सांगितलं होतं की इमानाची गोष्ट कुठं बोलायची असते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांचा फोन आला. बसकी आता त्यांना काढायची आहे. घेणारा अडून बसलाय, दुसरी चावी असेल तर मी म्हणेन ती किंमत द्यायला तयार आहेत. दिवेलागण होत होती. फोन स्पीकरवर होता, टेबलावर दस्ती होती आणि दस्तीखाली माझे दोन्ही हात. खिडकीतून तुळजापूरकडं जाणाऱ्या गाड्या दिसत होत्या. हल्ली यातली एखादी लाल दिसली की माझा अंगठा आपोआप बटणावर जातो. कुणाचेच दिवे लागत नाहीत.

"साहेब," मी म्हणालो, "चावी एकच होती."

दस्तीखाली माझीच दोन बोटं मी घट्ट धरली होती.