इकोचं बटण

गाणं संपलं. ढाणकीच्या बाजारात टाळ्याही पडल्या. रोशन घामाघूम होऊन टेम्पोवरून खाली उतरला, तोच दुपट्टेवाले एक काका पुढे आले.

"काहो भाऊ, हे औषध कोन्या दुकानात भेटते?"

"कोनतं औषध?"

"आता सांगून राह्यला ना तू, फवाऱ्याचं."

रोशनने माझ्याकडे पाहिलं. मी वायरी गुंडाळत राहिले.

गाणं औषधाविरुद्ध होतं. कपाशीवरचं जहाल औषध तोंड न झाकता, वाऱ्यात फवारू नका, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्या हंगामात बोंडअळीने कपाशी पोखरली होती आणि फवारणी करणारी माणसं दवाखान्यात भरती होत होती. त्यात रोशनचा मामाही होता. डोळ्यांपुढे सगळं धुरकट झालेलं. त्याच्यासाठी लिहिलेलं गाणं बाजाराने जाहिरात म्हणून ऐकलं.

चूक बाजाराची नव्हती. यवतमाळला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भिंतींना गाद्या. माइकसमोर भरतकामाच्या रिंगेत ताणलेला जुना मोजा. 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून निघणारा वाऱ्याचा झटका त्याने अडतो. भोंगा लावून गावोगाव फिरणाऱ्या ऑटोंवरच्या जाहिराती माझ्याकडे होतात. रोशन कळंबचा. वडील विहारात भीमगीतं गायचे, त्यामुळे ताल पक्का. कॉलेज करता करता तो माझ्याकडे जाहिराती बोलायचा आणि स्टुडिओ रिकामा असला की रॅप करायचा. रॅप म्हणजे तालावर झपाट्याने बोललेलं गाणं. 'एकच फवारा, अळीचा सफाया सारा!' ही औषधाची जाहिरात त्याच्या आवाजात जिल्ह्यातल्या पोराटोरांना पाठ होती.

 परतताना यवतमाळ जवळ आल्यावर तो टेम्पोत म्हणाला.

"ताई, मी सोडून देतो हे. माह्या आवाजावर लोकं अजून बाटल्या घेतीन."

"सोडायचं तर सोड. आधी उद्या स्टुडिओत ये."

दुसऱ्या दिवशी आधी आवाज बदलून पाहिला. कॉम्प्युटरवर खाली ओढला, तर म्हशीला सर्दी झाल्यासारखा आला. वर नेला, तर रोशनलाच हसू फुटलं. तेवढ्यात कृषी केंद्राचे शेठ आले. फवाऱ्याची जाहिरात त्यांचीच.

"मॅडम, यंदा नवीन जाहिरात करू. आवाज मात्र याचाच पायजे."

"मी नाही बोलत, शेठ," रोशन म्हणाला.

"काहून? रॅपनं पोट भरते काय तुह्यं?"

"मामा दवाखान्यात हाय."

शेठ म्हणाले, "वाईट झालं. पण मी काय त्याले तोंड उघडं ठेवाले सांगतलं होतं? मॅडम, जुनी जाहिरात लावा, पाहू दुसऱ्या कोनाले जमते काय."

मी जाहिरात लावली. ती संपली आणि यादीत तिच्याखालीच असलेलं रोशनचं गाणं आपोआप सुरू झालं.

"हे जाहिरात कधी केली? मस्त हाय!" शेठ म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन्हींना तोच इको होता. इको म्हणजे शब्द उच्चारून झाल्यावरही घुमत राहतो तो आवाज. ऑटोच्या जाहिरातीला तो लावतातच. आपल्याकडे घुमणारा आवाज आला की माणूस समजतो, काहीतरी विकायला आलं. त्यात रोशनने गाण्याची सुरुवात केली होती 'शेतकरी बंधूंनो'ने. घरात असं कोण बोलतं?

शेठ गेल्यावर मी म्हटलं, "मामाशी बोलतोस तसं बोल. आणि इको काढते."

"इकोशिवाय लय बोडखं वाटते, ताई. गावठी वाटन."

"मामा कुठला आहे, लंडनचा?"

त्याने तोंड वाकडं केलं, पण गाणं पुन्हा लिहिलं.

पुढच्या बाजाराला आम्ही पुन्हा ढाणकीत. मी इकोचं बटण शून्यावर आणलं. आधी बीटही नाही, म्हणजे मागचा ठेकाही नाही. रोशनने नुसतं विचारलं, "मामा, दिसून राह्यलं काय रे थोडंसं?"

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे, हा तर तोच! औषधवाला!"

लोक हसले. रोशन थांबला. हे आमच्या तयारीत नव्हतं. माझं बोट बीटच्या बटणावर होतं, मी ते दाबलं नाही.

"हो, मीच तो," तो म्हणाला. "ऑटोतला. माह्या मामानं बी माह्याच आवाजावर बाटली आनली होती. म्हने, भाचा सांगते तर चांगलंच असन."

हे त्याने मलाही सांगितलं नव्हतं.  भजीवाल्याने झारा बाजूला ठेवला. मग मी बीट सोडला आणि तो पूर्ण गाणं म्हणाला.

ते दुपट्टेवाले काका पुन्हा आले. मी मनात म्हटलं, झालं.

"हा दुपट्टा बांधला तर चालते काय रे, बाबू?"

"दुपट्ट्यानं नाही भागत, काका. मास्क पायजे, हातमोजे पायजे. अन् वारा सुटला का पंप खाली ठेवा."

काकांनी मान डोलावली आणि हातमोजे कुठे मिळतात ते विचारलं. तेही शेठच्याच दुकानात मिळत होते.

मामाला पुढे बरंच दिसू लागलं, सुईत दोरा ओवण्याइतकं नाही. शेठनी जाहिरात नागपूरहून करून आणली आणि माझ्याकडे यायचं बंद केलं. रोशन आता पुण्या-मुंबईला गातो. साऊंडवाले त्याचे स्वतःचे असतात, तरी कार्यक्रमाआधी फोन येतो.

"ताई, इको?"

"बंद."

जाहिराती बोलायला नवीन पोरं येतात, त्यांना मी आधीच सांगते: इथे दुसरा आवाज काढा, घरचा घरी ठेवा. कोणी ऐकत नाही. ऑटोवर स्वतःचा आवाज ऐकायची सगळ्यांनाच हौस असते.