साडूभाऊंच्या विमानातली दुसरी सीट

समस्त सोयरे, इष्टमित्र आणि यवतमाळ जिल्ह्यात ज्यांच्या ज्यांच्या घराला छत आहे अशा सर्व नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या साडूभाऊंनी तुमचं छत पाहिलेलं आहे. टाकीला झाकण आहे की नुसता फरशीचा तुकडा ठेवलाय, मोडका कूलर कुठल्या कोपऱ्यात सडतोय, मागच्या बाजूनं गळतं म्हणून ताडपत्री टाकून विटा ठेवल्यात का, हे सगळं त्यांना पाठ आहे. तुम्ही रस्त्यात भेटलात तर मात्र ते तुम्हाला ओळखतीलच असं नाही. माणसं त्यांना वरूनच नीट ओळखू येतात. आमच्या पुतणीला मुकुटबनकडचं एक स्थळ आलं, तेव्हा घरातल्या बायका मुलाचा फोटो न्याहाळत होत्या आणि साडूभाऊ त्या गावावर एक गिरकी घालून आले. "घर मोठं हाय, विहिरीले पानी हाय," त्यांनी निकाल दिला, "पन छतावर लय भंगार जमा केलं. हा मानूस काही फेकत नाई. पोरीले वेगळं निंगता येनार नाई, जुन्या सासूसंगच जमवून घ्या लागन." स्थळ जुळलं, आणि पोरगी आता सांगते की काकांचं अक्षरन्‌अक्षर खरं निघालं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात गेला. भुवयांत सुद्धा कापूस. जिनिंग मुलाच्या हवाली केल्यावर या वयाची इतर माणसं गुडघे दाखवायला नागपूरला जातात. यांनी रीतसर शिकून, परीक्षा देऊन विमान चालवायचा परवाना काढला आणि एक जुनं दोन सीटचं विमान विकत घेतलं. विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जे येतं ते हे नव्हे. छोट्या मोटारीला भर उन्हात पंख फुटले तर ती जशी दिसेल, तसं ते दिसतं. आत दोन माणसं खांद्याला खांदा घासून बसतात आणि तिसऱ्यानं बाहेरून दार लावून घ्यायचं. अंग पांढरं, पण एका पंखावर आधीच्या मालकानं तांबडा रंग मारलेला. असे दोन रंग अंगावर असलेल्या बैलाला आमच्याकडे बांड्या म्हणतात, म्हणून विमानाचं नाव बांड्या. ते ठेवायची पत्र्याची शेड म्हणजे गोठा. सकाळी फोन येतो, "साडूबुवा, बांड्याले आज जरासा ठसका लागला. या पाहाले." मी जातो. मला त्यातलं काही कळत नाही, पण आजाऱ्याजवळ कोणीतरी बसलेलं बरं असतं.

विमान असण्यातली एक अडचण त्यांनी घेताना लक्षात घेतली नव्हती. त्यानं जाता येतं, पण उतरता येत नाही. आपल्याकडे गावोगावी धावपट्ट्या कुठल्या? त्यामुळे निघायचं यवतमाळहून, फिरायचं, आणि परत यायचं यवतमाळलाच. उमरखेडला एका भाच्याचं लग्न होतं. साडूभाऊ परवानग्या काढून, ढग पाहून, थाटात उडाले. मंडपावर फेरी मारली, पंख हलवून नवरा-नवरीला आशीर्वाद दिला आणि परतले. मग कपडे बदलून एसटीनं परत उमरखेडला जेवायला गेले. पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. यजमान म्हणाले, "अहो, सकाळीच आले होते ना तुमी?"

त्या एसटीचाही एक किस्सा आहे, कारण मी बरोबर होतो. उडण्याआधी विमानाला हात लावत पूर्ण फेरी मारायची, प्रत्येक खिळा, प्रत्येक नळी, प्रत्येक चाक तपासायचं, ही शिस्त त्यांना शिकवणाऱ्यांनी अंगात भिनवली. ती आता कुठंच सुटत नाही. स्कूटरवर बसण्याआधी फेरी. न्हाव्याच्या खुर्चीभोवती फेरी. उमरखेडची गाडी सुटायच्या बेतात होती आणि साडूभाऊ चाकांना लाथा मारत तिच्याभोवती फिरत होते. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काका, तुमी आरटीओतले काय?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "मांगच्या चाकात हवा कमी हाय." कंडक्टर म्हणाला, "मालूम हाय. बसता का उडता?" पण एवढं खरं की, बांड्याची फेरी पुरी न करता हा माणूस आयुष्यात एकदाच उडायला निघाला. तो दिवस पुढं येतो आहे.

आता ताईंबद्दल. ताई म्हणजे साडूभाऊंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. घर, शेत, सालदार, पाहुणे, सगळं एका पदराला बांधून फिरणारी बाई. बांड्याच्या दुसऱ्या सीटवर ताईंनी बसावं, एवढंच साडूभाऊंचं स्वप्न होतं. मी बसलो, आमची ही बसली, मुलगा-सून बसले, ताई बसल्या नाहीत. आणि त्या नकाराचं कारण दर वेळी नवं देत. पहिल्यांदा म्हणाल्या, "आवाज पाहा त्याचा! इतका आवाज आयकाचा असन तं मी जिनिंगमधीच जाऊन बसते." साडूभाऊंनी इंजिन बदललं आणि कानावर लावायचे चांगल्यातले फोन आणले. मग ताई म्हणाल्या, वारा लागतो, डोक्यावरचा पदर ठरणार नाही. साडूभाऊंनी वरून नवं काचेचं झाकण बसवून घेतलं. मग सीट कडक निघाली. साडूभाऊंनी स्वतःच्या शेतातला पहिल्या वेच्याचा कापूस पिंजून घेतला आणि गादीवाल्याला विमानात बसवून माप घ्यायला लावलं. तो बिचारा डोळे मिटून माप घेत होता, न जाणो चालूच झालं तर! ती गादी इतकी गुबगुबीत झाली की तिच्यावर बसणाऱ्याचं डोकं झाकणाला टेकू लागलं, मग गादी पुन्हा उसवून पातळ केली. नंतर नकाशा दाखवणारा पडदा आला. "आता रस्ता चुकाची गोठच नाई," साडूभाऊ म्हणाले. ताई कणीक मळत होत्या. "मले माह्या घरचा रस्ता मालूम हाय," त्या म्हणाल्या, "पायानं."

शेवटी त्यांनी विमानाला छत्री बसवली. म्हणजे संकट आलं तर दांडी ओढायची आणि अख्खं विमान छत्रीला लोंबकळत अलगद खाली. ही गोष्ट सांगायला साडूभाऊ घाईघाईनं घरी आले, चप्पल सुद्धा बाहेर काढायची राहिली. "अवं, आता भेवाचं कामच नाई! इमान पडलं तं छत्री उघडते!"

ताईंनी हातातलं काम थांबवलं. "म्हंजे हे पडते," त्या म्हणाल्या, "हे तुमालेबी मालूम हाय तं!"

रोज उडणं झालं की साडूभाऊ घरावरून एक फेरी घेत आणि पंख डावीकडे-उजवीकडे झुकवत. ताई त्या वेळी छतावर कपडे वाळत घालत असत. त्यांनी कधी मान वर केली नाही. "एकदा वर पाह्यलं का हे डोक्यावरच बसतीन," असं त्या बहिणीला सांगत. गल्लीतल्या साऱ्या बाया टाटा करत, ताई साडीचं टोक झटकत. पण याच ताई जेवताना साडूभाऊंच्या ताटावर पहारा ठेवत, कारण रक्तात साखर निघाली होती आणि साखर वाढली की उडायचा फिटनेस जातो, हे त्यांना साडूभाऊंपेक्षा चांगलं ठाऊक होतं. "थो इमानाचा डब्बा इकून टाका" आणि "गुळाले हात लावू नका" ही दोन्ही वाक्यं त्या एकाच दमात म्हणत.

एवढं करूनही यंदा पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगून टाकलं की, पुढच्या तपासणीत फिटनेस मिळेल असं धरून चालू नका. साडूभाऊ घरी येऊन हे बोलले, चहा प्यायले, आणि त्या दिवसापासून एक गोष्ट बंद झाली. "अवं, बस ना एकदा," हे वाक्य. नवं काही बसवणं नाही, मनधरणी नाही. एक फेरी मारायचे आणि गोठ्याचं दार लावायचे. आमची ही मला म्हणाली, "ताईचा जीव लागत नाई. म्हन्ते, हे आता मले काही म्हनतच नाईत."

आणि पोळा आला. साडूभाऊंकडे ट्रॅक्टर आल्यापासून बैल नाहीत, म्हणून ताई मातीच्या जोडीची पूजा करत. पण साडूभाऊ पोळ्याला बांड्याला मात्र सजवतात. पंखांना झूल, नाकाला बाशिंग, दाराला झेंडूची माळ. उडायच्या आधी सगळं उतरवायचं. यंदाही आम्ही दोघांनी झूल-माळा उतरवल्या होत्या आणि साडूभाऊंची फेरी अर्धी झाली होती. एवढ्यात फाटकातून आमची ही येताना दिसली, आणि तिच्या पुढं, हातात आरतीचं ताट आणि पुरणपोळी घेऊन, ताई. साडूभाऊ अर्ध्या फेरीतच थिजले. ताईंनी बांड्याच्या नाकाला कुंकू लावलं, ओवाळलं, पुरणपोळीचा तुकडा पंख्याजवळ धरून नवऱ्याकडं एक कडक नजर टाकली, तो त्यानं खाऊ नये म्हणून. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "कोन्त्या पायानं चढाचं?"

साडूभाऊंना फेरी पुरी करायची आठवण कुठली राहायला! ताईंना बसवलं, पट्टे बांधले, मी बाहेरून दार लावलं. माझ्या हातात जमिनीवरून बोलायचा छोटा रेडिओ असतो. त्यांचा सगळा ग्राउंड स्टाफ म्हणजे मी. बांड्या धावपट्टीवर धावला, धावला, आणि एकदम मंदावला. रेडिओवर साडूभाऊ म्हणाले, "साडूबुवा, बांड्या पळून राह्यला, पन वेगाचा काटा शून्यावरच हाय. वापस येतो."

वेग कळल्याशिवाय उडणं म्हणजे वेडेपणा, एवढं मलाही माहीत आहे. बांड्या परत आला. साडूभाऊ उतरले आणि राहिलेली अर्धी फेरी मारू लागले. पंखाखाली एक बारीक नळी पुढं आलेली असते. तिच्याजवळ ते थांबले. बोट लावलं. बोट पिवळं झालं. त्यांनी वास घेतला. तूप आणि हळद.

"हे कोनं लावलं?"

"मी," काचेआडून ताई म्हणाल्या. "काल तुमी दुपारी झोपले, तवा आलती खांद शेकाले. दोनी पंखाले लावलं, डाग पडन म्हनून पुसलं, मंग शिंगाले लावलं. आवतन देऊन गेली, उद्या जेवाले या म्हनून."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकायचे आणि त्याला जेवणाचं आवतन द्यायचं, ही आमची रीत. ती विमानाला लागू केलेली मी प्रथमच पाहत होतो.

"अवं, हे शिंग नोय!" साडूभाऊ म्हणाले. "ह्याच्यातून वारा जाते, थ्या वाऱ्यावून वेग समजते!"

"मंग एकच काहून ठेवलं?" ताई म्हणाल्या. "मले वाटलं, दुसरं मोडलं."

मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. इतक्या वर्षांची आस, आणि ती चमचाभर तुपानं अडवली. वर ढगही दाटून येत होते. पण साडूभाऊ ते पिवळं बोट तसंच धरून उभे होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहू लागलो. "साडूबुवा," ते हळूच म्हणाले, "हिनं बांड्याचे खांद शेकले."

त्या दिवशी उडणं झालं नाही. नळी काढून, साफ करून, नीट तपासून पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, गल्लीत पोरांचे लाकडी बैल निघालेले, आणि आभाळ मोकळं. मला धाकधूक होती की ताई येतात की नाही. त्या आल्या, आणि साडूभाऊंच्या मागं मागं बांड्याभोवतीची पूर्ण फेरी त्यांनीही मारली. नळीपाशी थांबून म्हणाल्या, "आज नाई लावलं."

बांड्या उडाला. पट्ट्याला रेडिओचं बटण अडकवलेलं असतं, ते दाबलं की बोललेलं खाली ऐकू येतं. ताईंनी घाबरून जे हातात आलं ते घट्ट धरलं, आणि ते नेमकं हेच. तेव्हा वर जे झालं ते मला आणि हिला खाली शब्दन्‌शब्द ऐकू आलं, आणि त्यांना याचा पत्ता नव्हता.

त्याला आता काही महिने झाले. तपासणी झाली, फिटनेस मिळाला नाही. बांड्या गोठ्यात आहे. विकायचं नाव काढलं की ताईच अंगावर येतात. साडूभाऊ अजून सकाळी फोन करतात, मी जातो, आम्ही दोघं बांड्याभोवती पूर्ण फेरी मारतो आणि मग सावलीत बसतो. ते त्या उड्डाणाविषयी बोलत नाहीत. मीही त्यांना सांगितलेलं नाही की आम्ही ऐकलं. पण तुम्हाला सांगतो.

आधी नुसतं "माय वं, माय वं" चाललं होतं. मग ताई म्हणाल्या, "थे निळ्या टाकीवालं आपलं घर होय?"

"होय."

"छतावर माही हिरवी साडी वाळून राह्यली."

"होय ना."

"मी कपडे वाळत घालत राहो, तवा तुमी इथूनच पाहात होते मले?"

"रोज."

माझी बायको रेडिओला कान लावून उभी होती, आणि ताई एकदम मोठ्यानं बोलून गेल्या, "अवो, येवढीशीच दिसत होती मी तुमाले? मंग सांगाचं ना, मी हात तं हालवला असता!"