न उघडलेला कार्बोरेटर

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेली. निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली, पण अजूनही समोरचा माणूस गोड बोलायला लागला की मला आधी त्याचा संशय येतो. बायको म्हणते, देवळात तीर्थ दिलं तरी हे आधी वास घेऊन बघतील. तसं मी अजून तरी केलेलं नाही.

माझ्याकडे एक जुनी मोटार आहे, आमच्या लग्नाच्याही आधीची. तिला हात लावू शकणारा नांदेडात एकच मेकॅनिक उरलाय. त्यांना आम्ही उस्ताद म्हणतो. तीस वर्षं गाडी तेच बघतात. किल्ली त्यांच्या हातात द्यायची, निरोप आला की गाडी घेऊन यायची, एवढाच आमचा व्यवहार. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, या एका माणसाचं काम कधी तपासून पाहिलं नव्हतं. मागच्या वर्षी ते म्हणाले, कार्बोरेटर संपला, आता नवाच लागेल. तो तर कंपनीनं बनवणं केव्हाच बंद केलेला.

शोधता शोधता मोबाइलवर लातूरचा एक व्यापारी सापडला. जुन्या गाड्यांचे न वापरलेले पार्ट विकणारा. किंमत साडेआठ हजार, आणि पैसे आधी. "विश्वास ठेवा सर," तो फोनवर म्हणाला, आणि माझा होता नव्हता तो विश्वासही उडाला. पण दुसरीकडे माल मिळत नव्हता, म्हणून पैसे पाठवले. पार्सलसोबत छापील चिठ्ठी होती: आठ दिवसांत तक्रार करावी, पार्ट उघडलेला असल्यास परत घेतला जाणार नाही. ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

उस्तादांनी तो बसवला. गाडी सुरू व्हायची, दोन आचके द्यायची आणि बंद पडायची.

"साहेब, आत कचरा अटकलाय वाटतं," उस्ताद म्हणाले. "खोलून बघतो. धा मिनिटाचं काम हाय."

"अजिबात खोलायचा नाही," मी म्हणालो. "खोलला की तो पैसे परत देणार नाही. त्याला तेच तर पाहिजे."

उस्तादांनी पाना खाली ठेवला. मी तिथूनच लातूरला फोन लावला आणि सरळ रिफंड मागितला. व्यापाऱ्यानं शांतपणे सगळ्या बाजूंनी फोटो मागवले. तासाभरानं त्याचा फोन आला.

"सर, आमच्या प्रत्येक मालावर खालच्या बाजूला निळ्या शाईची खूण असती. ह्याच्यावर न्हाई. ह्यो माल आमचा कशावरून?"

माझं डोकंच फिरलं. हा लबाड तरी असणार, नाहीतर मधे कुणीतरी पार्ट बदललेला असणार. घरी येऊन मी जेवलो नाही. मनात तारखा लावत बसलो. पार्सल माझ्या घरात होतं, मग दोन रात्री उस्तादांकडे. असा पार्ट ज्याला ओळखता येईल, विकता येईल, असा गावात दुसरा होताच कोण? हा हिशेब मला पटत गेला, याची आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोरच मी विचारलं, "उस्ताद, दोन रात्री इथं होता तो. बदलला तर नाही ना कुणी?"

"कुणी म्हंजे?" त्यांनी मान वर केली. "हितं माज्याशिवाय हाय कोण?"

तुमच्यावर संशय नाही, असं तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं. उस्तादांनी बॉनेट उघडलं, कार्बोरेटर काढला, कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात ठेवला. किल्लीही दिली. तीस वर्षांत काम अर्धवट सोडून त्यांनी मला किल्ली कधी दिली नव्हती. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाटलं की चोर सापडला.

गाडी ओढून घरी नेली. पण पैसे लातूरलाच अडकले होते, म्हणून तिकडच्या एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. अहमदपूरला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले. मी उतरलो नाही, न जाणो कुणी पिशवी हलवली तर.

व्यापारी पन्नाशीचा होता, दुकानात सगळे त्याला अप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, बोलणं मऊ. मला ते पट्टेसुद्धा धंद्याचेच वाटले. त्यानं चहा मागवला, तो मी तसाच ठेवला.

"अप्पा, पैसे परत द्या, नाहीतर मी ग्राहक मंचात जातो."

"देतो की सर. पण एकदा खोलून बघू द्या."

मी खिशातून मोबाइल काढला आणि व्हिडिओ सुरू केला. "आता खोला," म्हणालो. मधल्यामधे काही करायला नको.

त्यानं पेपर पसरला, चार स्क्रू काढले. "हे पॅकिंग मी हातानं कापलंय. माल माजाच हाय," तो स्वतःहून म्हणाला. मग त्यानं खालची वाटी पेपरवर उलटी केली. आधी लाल गाळ पडला. त्यामागून तांदळाचे चार-पाच दाणे आले, कुंकवात भिजलेले.

अप्पानं एक दाणा बोटानं उचलला. "सर, खंडेनवमीला पूजला व्हता का?"

व्हिडिओ चालूच होता. पार्सल आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आमच्या घरी नवमीला पाने-पक्कड, हातोडी, बायकोचं शिलाई मशीन, सगळं पाटावर येतं. साडेआठ हजारांचा पार्ट मागे कसा राहील? तेलकट होता म्हणून मीच तो पेट्रोलच्या फडक्यानं लख्ख पुसला. निळी शाई त्या फडक्यावर गेली असणार. मग हळदकुंकू वाहिलं, आणि अक्षता जरा सढळ हातानं टाकल्या, थेट त्याच्या उघड्या तोंडावर.

"तुमच्या मिस्त्रीनं एकदा खोलला असता तर धा मिनिटाचं काम व्हतं," अप्पा म्हणाला. "कसं काय न्हाई खोलला त्यानं?"



त्यानं सगळं धुतलं, फुंकून बघितलं, बंद केलं. "पैसे पाहिजेत तर आत्ता देतो," तो म्हणाला. मी नको म्हणालो. मग तो हळूच म्हणाला, "सर, आता मोबाइल बंद करा." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अजून हात वर धरूनच उभा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून गॅरेजवर नेली. उस्तादांना सगळं सांगितलं, अक्षतांसकट. ते हसतील असं वाटलं होतं.

"चुकलं माझं, उस्ताद."

"हाव, चुकलं," ते म्हणाले.

त्यांनी कार्बोरेटर घेतला. मी सवयीनं किल्ली ठेवून निघालो, तर ते आतून एक स्टूल घेऊन आले आणि बॉनेटसमोर मांडलं.

"न्हाई साहेब, बसा. बघून घ्या."

"अहो, कशाला..."

"बसा."

मी बसलो. प्रत्येक स्क्रू लावायच्या आधी त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरला. "बघितला?" मी "बघितला" म्हणेपर्यंत त्यांचा हात पुढं जायचा नाही. आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो तरी असतो. गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली, तेव्हाही त्यांनी विचारलं, "आवाज ऐकला ना, साहेब?"

गाडी अजून त्यांच्याकडेच जाते. मी फाटकातून आत शिरलो की उस्ताद हातातलं काम बाजूला ठेवतात आणि आधी स्टूल बाहेर आणतात.