पुन्हा धुतलेल्या कपड्यांचा रकाना

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली, त्या पहिल्याच आठवड्यात तिने आम्ही वाळत घातलेले सगळे कपडे दोरीवरून काढले, उलटे केले आणि पुन्हा वाळत घातले. उन्हाने रंग उडतो म्हणे. सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ही काही आपल्याला सुखाने मळू देणार नाही." तसंच झालं. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. आता ती स्वतः आजी झाली तरी तिचं धाकटेपण काही गेलं नाही, आणि हट्टही गेला नाही.

तिचा नवरा, म्हणजे माझे दीर, एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. कारखाना बंद पडला आणि भाऊजी घरी बसले. त्याच सुमाराला गावातल्या मोठ्या इस्पितळाने चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे धुण्याचं काम बाहेरच्यांना कराराने द्यायचं ठरवलं. धाकटीने अर्ज आणला.

भाऊजी म्हणाले, "अगं, आपल्याला कोण देणार?"

"न मागता तर कुणीच देणार नाही," ती म्हणाली, आणि काम मिळवून आली.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. दोन मोठी मशिनं, भिंतीपलीकडे बॉयलर, चादर गरम रुळांतून फिरवून इस्त्री करणारं एक यंत्र आणि घड्या घालायचं टेबल. भाऊजी बॉयलरवर, दोघी पगारी बाया मशिनवर, मी घड्यांवर आणि धाकटी सगळीकडे. करार चांगला जाडजूड होता. मी हातात घेऊन पाहिला. मला त्यातली अक्षरं लागली, अर्थ लागला नाही. धाकटीने मात्र बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला आणि आम्हाला त्यातल्या दोन गोष्टी सांगितल्या. एक, दर महिन्याला अहवाल द्यायचा: किती कपडे आले, किती गेले, किती फाटले, किती पुन्हा धुवावे लागले आणि का. दुसरी, मुदत संपायच्या आधी बाहेरचं कुणीतरी येऊन आपल्या कामाचं मूल्यमापन करणार, आणि पुढचा करार त्यांच्या शेऱ्यावर.

"म्हणजे परीक्षाच की," मी म्हटलं.

"आपण काय नापास होणार आहोत का?" तिने नाक उडवलं.

काम तिचं चोख होतं, ते कुणीही सांगेल. इस्त्री होऊन माझ्याकडे आलेली प्रत्येक चादर ती उजेडाकडे धरून बघायची. कुठे मलमाचा पिवळट डाग राहिलेला दिसला की ती चादर टेबलाखालच्या टोपलीत टाकायची. त्या टोपलीला आम्ही माहेर म्हणायचो. "ताई, ही चालली माहेरी," असं ती म्हणाली की दोघी बाया हसायच्या. संध्याकाळी माहेरच्या चादरी पुन्हा धुऊन निघायच्या आणि सकाळी दुसऱ्यांच्यात मिसळून वर वॉर्डात जायच्या. वरून कधी तक्रार आली नाही. महिनाअखेरीला ती अहवाल लिहायला बसली की 'पुन्हा धुतले' या रकान्यात शून्य लिहायची.

मी एकदा म्हटलंही, "अगं, टोपली तर भरलेली असते."

"डाग वर गेला का? नाही ना. मग शून्यच."

पहिल्या वर्षी टोपलीत एखादीच चादर असायची. पुढे पुढे ती भरायला लागली, ती भाऊजींच्या डोळ्यांमुळे. बॉयलरवर वाफेचा काटा असतो, तो लाल रेघेच्या वर राहिला तर पाणी हवं तेवढं गरम होतं. भाऊजींना काटा धूसर दिसायला लागला होता आणि चष्म्याचं नाव काढलं की ते दुसरीकडे बघायचे. धाकटीला सगळं कळलं होतं. नोकरीवाचून घरी बसलेला नवरा कसा दिसतो ते तिने एकदा पाहिलं होतं, पुन्हा पाहायचं नव्हतं. म्हणून ती गप्प राहिली आणि चादरी दुसऱ्यांदा धूत राहिली.

मुदत संपत आली तशी मूल्यमापनवाली बाई आली. मध्यम वयाची, पायात कापडी बूट, पाण्याची बाटली स्वतःची. धाकटीने चहा पुढे केला.

"काम पूर्ण होईपर्यंत चहा घेता येत नाही मला."

"चहाने काय शेरा गोड होतो का?" धाकटी माझ्याकडे बघून पुटपुटली. बाईने ते ऐकलं आणि हसली, पण चहा घेतला नाही.

ती दिवसभर नुसती उभी राहिली. कोणाच्या मधे आली नाही. दुपारून तिने वाकून टेबलाखालची टोपली बाहेर ओढली.

"ह्या कुठे जाणार?"

"पुन्हा धुवायला," धाकटी म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आणि अहवालात शून्य?"

"वर डागाची एकही चादर गेलेली नाही. विचारा वॉर्डात."

"विचारलं. नाही गेली," बाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "हा डाग का राहिला?"

"पाणी कमी तापलं असेल."

"मग त्याच पाण्यात, त्याच मशिनात, ज्यांच्यावर डागच नव्हता त्या चादरी होत्या ना? त्या कुठे गेल्या?"

मशिनवरच्या दोघींनी कामाचं सोंग चालू ठेवलं. त्या चादरी कुठे गेल्या ते सगळ्यांनाच माहीत होतं. मीच घड्या घातल्या होत्या. वर गेल्या होत्या, टाके घातलेल्या माणसांच्या अंगाखाली.

"डाग दिसतो म्हणून तुम्ही तो पकडता. जंतू दिसत नाहीत. त्यासाठीच तर तो रकाना आहे, तुम्हाला शिक्षा करायला नाही," बाई म्हणाली. "सोमवारपर्यंत दुरुस्त केलेले अहवाल द्या, कारणांसकट. ते आले तर मी कमी गुण देईन. नाही आले तर, अहवालावर विश्वास ठेवता येत नाही, एवढंच लिहीन. मग करार संपला."

बाई गेल्यावर धाकटी बॉयलरपाशी गेली. मीही मागोमाग गेले, ती नाही म्हणाली नाही.

"अहो, काटा कितीवर आहे आत्ता?"

भाऊजी पुढे झाले, अजून पुढे झाले.

"नाकाने वाचणार का?"

"रेघेच्या वर आहे," ते म्हणाले.

काटा रेघेच्या चांगला खाली होता. तिने त्यांना सगळं सांगितलं, टोपलीपासून त्या बाईपर्यंत. भाऊजी भिंतीला टेकले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. टोपली टेबलाखाली असायची आणि ते भिंतीपलीकडे.

"मला कधी सांगणार होतीस?"

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मला दिसतच नव्हतं, तर विचारू काय?"

 

रविवारी ती घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. टोपलीत साधारण किती चादरी असत ते आम्ही सगळ्यांनी आठवून आठवून सांगितलं. अंदाजाने आहे, असं तिने वर स्पष्ट लिहिलं. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'वाफ कमी'. भाऊजींनी कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला.

"बॉयलरला काय धाड भरली होती? वाफ कमी का, ते लिही."

"राहू द्या की."

"उद्या ती बाई बॉयलर तपासायला माणूस आणेल. बॉयलर ठणठणीत निघेल. मग?"

तिने पेन पुन्हा उचललं. मग लिहिलं, 'काटा वाचणाऱ्याला नीट दिसत नव्हतं.' आणि कुणी सांगितलं नसताना खाली आणखी लिहिलं, 'हे मला माहीत होतं.'

गुण कमी मिळाले. तीन वर्षांऐवजी एका वर्षाचा करार झाला, आणि काटा दोघांनी वाचून सही करायची ही अट पडली. वर वॉर्डातल्या कपाटांतला एकूण एक कपडा खाली आला आणि आम्ही तो सुट्टीच्या दिवशी, पगाराविना, धुऊन दिला. कुणाला त्या चादरींनी काही बाधलं होतं का, ते इस्पितळाने पाहिलं. तसं काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे झालंच नाही असं नसतं, हे धाकटी स्वतःच म्हणाली.

मशिनवरल्या दोघींतली मोठी बॉयलरवर गेली. भाऊजींनी चष्मा केला, तरी काट्यापुरतं दिसेना, म्हणून ते माझ्यासमोर घड्या घालायला आले. पहिले काही आठवडे ते धाकटीशी माझ्यामार्फत बोलायचे. "वहिनी, तिला सांगा, गठ्ठे बांधायचा दोरा संपलाय." ती हाताच्या अंतरावर उभी. "ताई, त्यांना सांगा, कपाटात आहे." मी कुणालाच काही सांगत नव्हते, निरोप आपसूक पोचत होते.

घड्या मात्र त्यांच्या वाकड्या. टोकाला टोक म्हणून जुळेना. धाकटी बघायची, ओढून घ्यायची, पुन्हा घालायला द्यायची. महिनाअखेरीला ती अहवाल घेऊन आमच्या टेबलाच्या कडेला बसली. पुन्हा धुतले, तिथे आकडा लिहिला. मग पट्टी घेऊन तिने एक नवीनच रकाना आखला. छापील कागदात तो नव्हता, कुणी मागितलाही नव्हता. वर लिहिलं, 'चुकीची घडी'.

"आजच्या सात," ती लिहिता लिहिता म्हणाली.

भाऊजींनी हातातली चादर टेबलावर आपटली आणि थेट तिच्याकडे वळले. "सहा! सातवी वहिनींची होती."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी अभ्रे मोजत होते.

तिने सात खोडलं, त्यांच्यापुढे सहा लिहिलं, आणि खालच्या ओळीत 'थोरली जाऊ, एक'.