मिस्त्रीचा गार्ड, माझा नट

माझा सगळ्यात जवळचा मित्र गेला, त्या दिवशी मी भलत्याच माणसाला खांदा दिला.

माणसाला म्हणजे बाईला. ते नंतर कळलं. आमच्या जुन्या कारखान्यातल्या लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. त्या दुपारी एकच ओळ आली : 'प्रभाकर मिस्त्री गेले. चार वाजता, अंबरनाथ.' मी बदलापूरच्या कात्रपहून रिक्षा केली आणि थेट स्मशान गाठलं. आता प्रभाकर वीस वर्षांपासून ख्रिस्ती. दर नाताळला त्याच्या घरी मी पोट फुगेस्तोवर केक खाल्लेला. त्याला नदीत बुडवून बाप्तिस्मा दिला तेव्हा मी काठावर हजर... आणि तरी गेलेला माणूस म्हटल्यावर माझे पाय आपोआप लाकडांच्या ढिगाकडे वळले. फाटकातून एक तिरडी येतच होती. मी पुढे झालो, खांदा दिला, रडलोसुद्धा, चांगला आवाज काढून. शेवटी टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "आपण कोण?" म्हटलं, "मित्र." ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "आमच्या आजीचे?"

ख्रिस्ती दफनभूमीत पोचलो तेव्हा माती ओढून झाली होती. लोक पांगले होते. सुनंदावहिनी, प्रभाकरची बायको, तेवढ्या एका दगडावर बसल्या होत्या. माझ्या खांद्यावरचा गुलाल त्यांनी पाहिला आणि विचारलं, "हे काय, भावजी?" मी खरं ते सांगितलं. रडता रडता त्यांना हसू फुटलं, मग त्या पदरात तोंड घालून जास्तच रडल्या. मी उभा राहून खिशात हात घातला. तिथे तो होता. बावीस वर्षं तो कुठल्या ना कुठल्या खिशात आहेच.

तो म्हणजे एक नट. दोन कान असलेला, बोटांनी फिरवता येतो तसला. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय प्रभाकरची सांगता येत नाही, आणि ती सांगायला मला बावीस वर्षं लागली आहेत. तेव्हा जरा दमाने घ्या.

उल्हासनगरात एका सिंधी शेठचा फर्निचरचा कारखाना होता. शेठला आम्ही सगळे साईं म्हणायचो. प्रभाकर तिथला हेड मिस्त्री आणि मी ऑर्डरी लिहून घेणारा कारकून. प्रभाकर मूळचा शेतकरी घरातला, पण लाकडाच्या बाबतीत त्याचा हात असा, की दोन फळ्या जोडल्यावर सांधा कुठे आहे ते नखाला कळायचं नाही. मला उगाच वाटायचं, की आपल्यालाही जमेल. माझ्या हातचं स्टूल एकदा साईंच्या मेहुण्याखाली मोडलं, तरी वाटायचं. प्रभाकर म्हणायचा, "कारकुना, तू पेन धर. पेनाने कुणी पडत नाही."

दिवाळीआधीचे दिवस होते. ऑर्डरींचा ढीग पडलेला. जेवणाच्या सुट्टीत कारखाना रिकामा बघून मला हुक्की आली, की घरच्या आकाशकंदिलासाठी लाकडाच्या बारीक पट्ट्या आपणच कापाव्यात. कटर मशीनच्या गोल पात्यावर लोखंडी झाकण असतं, त्याला गार्ड म्हणतात. बारीक पट्टी कापताना तो मध्ये येतो. मी नट काढला, खिशात टाकला, गार्ड उचलून प्लायच्या ढिगामागे ठेवला. पट्ट्या झकास निघाल्या. इतक्या झकास, की मी त्या बगलेत मारून, शीळ घालत, ऑफिसात जाऊन बसलो. गार्ड तिथेच राहिला.

दुपारी शंकर मशीनवर आला. वांगणीहून कामाला यायचा. त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

ह्यापुढचं मला विनोदाने लिहिता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.

शंकरला दवाखान्यात नेल्यावर साईं ओरडत आले, "गार्ड किसने निकाला? बोलो!" मी दारात उभा, हात खिशात, मुठीत नट. त्याचे दोन कान तळव्यात रुतत होते. आणि प्रभाकर म्हणाला, "साईं, मशीन मेरी है. जिम्मेदारी मेरी." बस. साईंनी त्याला नको नको ते ऐकवलं, तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि मी... मी चहा सांगायला गेलो.

त्यानंतर प्रभाकर दारूला लागला. दोन वर्षं तो काय जगत होता ते वहिनींनाच माहीत. मी रोज ठरवायचो, की आज सांगायचं. मग वाटायचं, आज तो प्यायलाय. मग वाटायचं, आज तो प्यायलेला नाही, कशाला बिचाऱ्याचा दिवस खराब करा. असा मी त्याच्या तब्येतीची फार काळजी घेणारा मित्र.

मग पॉलिश करणाऱ्या एकाने त्याला अंबरनाथ पश्चिमेला प्रार्थनेला नेलं. दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी. प्रभाकरच्या घरचे घाबरले आणि त्याला परत आणण्याची कामगिरी त्यांनी माझ्यावर सोपवली, यावरून त्यांचीही माणसांची पारख कळेल. मी तीन रविवार गेलो. टाळ्या चुकीच्या ठेक्यावर वाजवल्या, चहाबरोबर मिळणारी बिस्किटं खाल्ली आणि प्रभाकरला परत आणण्याऐवजी मीच त्याच्या शेजारची जागा धरू लागलो. चौथ्या रविवारी तो उठून उभा राहिला. ह्याला ते साक्ष देणं म्हणतात. आपल्या आयुष्यात काय घडलं ते चारचौघांत सांगायचं. प्रभाकर म्हणाला, "माझ्या पापाने एका भावाची बोटं गेली. मी ते दारूत बुडवत होतो, ते पोहून वर येत होतं. आता मी ते प्रभूच्या पायाशी ठेवलंय." आणि तो रडला, पण दोन वर्षं रडत होता तसा नाही. खोलीत कोंडलेल्या माणसासाठी कुणी बाहेरून कडी काढावी, तसं काहीतरी त्याच्या तोंडावर दिसलं. मी पाहिलं ते. बिस्कीट हातात घेऊन पाहिलं.

आणि माझा जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत आहे. गार्ड काढला मी. रडला तो. मोकळा झाला तो. मग माझं काय झालं? ह्या खात्यात अशी अदलाबदल चालते का?

बदलापूरला उल्हास नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. माझ्याकडे त्याचा टॉवेल आणि चपला. प्रार्थनेच्या हॉलमधल्या पाळकांनी त्याच्या पाठीला हात देऊन त्याला पाण्यात आडवा केला. एका क्षणाचं काम, पण मला वाटलं, फार वेळ झाला, हा काही वर येत नाही. मी "अहो!" करून पुढे धावलो, शेवाळावरून घसरलो आणि टॉवेल-चपलांसकट गळ्यापर्यंत नदीत. काठावर हशा. कुणीतरी ओरडलं, "पास्टर, ह्यांचापण उरकून टाका!" पाळकही हसले. मला हात देऊन वर काढताना म्हणाले, "असा होत नाही. आधी कबुली लागते." सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. प्रभाकर तेवढा हसला नाही. ओल्या अंगाने माझ्याकडे बघत राहिला... किंवा डोळ्यांत पाणी गेलं असेल. मी ह्यावर फार विचार केला आहे. निकाल लागत नाही.

पुढे एकदा पाळकांना एकटं गाठून मी विचारलं, "समजा एकाचं पाप दुसऱ्याने आपल्या डोक्यावर घेतलं, तर पहिला सुटतो का हो?" त्यांचा चेहरा असा खुलला, की मला भीतीच वाटली. म्हणाले, "भाऊ, आमचा सगळा विश्वास ह्यावरच तर उभा आहे!" आणि पुढे तासभर ते ख्रिस्ताबद्दल, क्रुसाबद्दल, निर्दोष असून दुसऱ्यांसाठी सोसण्याबद्दल बोलत राहिले. मी मात्र सगळं प्रभाकरबद्दल ऐकत राहिलो. घरी आलो तो हलका होऊन. वा! उचललंय ना त्याने? मग झालं. आठ दिवस मला झक्क भूक लागली. नवव्या दिवशी स्टेशनबाहेर शंकर दिसला. डाव्या हाताने पिशवी सांभाळत होता. मी एका दुकानात शिरलो. आत गेल्यावर लक्षात आलं, ते बायकांच्या बांगड्यांचं होतं. एक डझन घ्याव्या लागल्या.

प्रभाकर मात्र वांगणीला जायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना झाली की. पहिल्या तीन वेळा शंकरने दार उघडलं नाही. चौथ्यांदा उघडलं ते शिव्या द्यायला. प्रभाकर ओट्यावर बसून सगळ्या शिव्या ऐकून आला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेला. पुढे दोघांनी मिळून शंकरच्या किराणा दुकानाची फळ्यांची मांडणी केली. मी एकदा चिडून म्हटलं, "तू तर मोकळा झालास ना रे? मग कशाला त्या ओट्यावर खेटे घालतोस? आणि शंकरची बोटं काय परत आली?" तो रंधा मारत होता. हात न थांबवता म्हणाला, "बोटं येत नाहीत. ते ओझं होतं ना, तेव्हा माझं पाऊल वांगणीला उतरत नव्हतं. आता उतरतं. मोकळा म्हणजे एवढंच, कारकुना." मला तेव्हा हे उत्तर फार किरकोळ वाटलं. स्वर्गाबिर्गाचं काहीतरी सांगेल अशी अपेक्षा होती.

कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांनी काही ना काही नेलं. कुणी हत्यारं, कुणी पंखा. प्रभाकरने तो गार्ड नेला. घरी भिंतीवरच्या साध्या लाकडी क्रुसाखाली उलटा ठोकला आणि त्याला घराच्या किल्ल्या अडकवू लागला. दर नाताळला मी समोरच बसून केक खायचो आणि खिडकीबाहेर बघायचो. त्याच्या एका बोल्टला नट नव्हता.

शेवटची भेट जाण्याच्या पंधरा दिवस आधीची. लिव्हरने दगा दिला होता. ती जुनी दोन वर्षं शेवटी अंगावर आलीच. मी त्या दिवशी पक्कं ठरवून गेलो होतो. पायऱ्या चढताना वाक्य पाठ केलं होतं. खाटेशेजारी बसलो, खिशात हात घातला, म्हटलं, "प्रभाकर, त्या दिवाळीत ना..." तो माझ्याकडे बघू लागला. अगदी शांतपणे. आणि मी म्हणालो, "...त्या दिवाळीत कात्रपला पाणी दोन दिवसांआड यायचं, आता बघ." मग मी अर्धा तास बदलापूरच्या पाण्यावर बोललो. टाकी, मोटर, सोसायटीचा सेक्रेटरी. मरणाच्या दारातल्या माणसाला इतकी तपशीलवार माहिती कुणी दिली नसेल. निघताना त्याने हात धरला. "अजून काही बोलायचं होतं?" म्हटलं, "नाही रे. सहज आलो होतो." तो म्हणाला, "बरं..." आणि हात जरा उशिरा सोडला.

त्याला माहीत होतं का? ह्या एका प्रश्नापायी महिनाभर धड जेवलो नाही. माहीत असून त्याने माझं उचललं असेल, तर तो माझा कोण लागतो, ह्याला माझ्याकडे शब्द नाही. आणि माहीत नसेल, तर दुसऱ्याच्या पापाची क्षमा मागत एक माणूस आयुष्यभर गुडघे टेकत राहिला, आणि वरच्याने ती मुकाट देऊनही टाकली... हे कसं?

गेल्या रविवारी मी वहिनींकडे गेलो. घर तसंच. उपासना नुकतीच आटोपली होती. त्या कांदे चिरत होत्या. गार्ड भिंतीवर, किल्ल्या त्याला लटकलेल्या. ह्या वेळी मी खिडकीकडे पाहिलं नाही. नट काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं बोललो. आकाशकंदील, पट्ट्या, प्लायचा ढीग, साईं, चहा. शेवटी म्हटलं, "वहिनी, बावीस वर्षं माझं पाप त्याने डोक्यावर वागवलं."

वहिनींनी नट उचलला, पदराने पुसला, उठल्या आणि गार्डच्या मोकळ्या बोल्टवर फिरवून बघितला. बसला. मग त्यांनी तो पुन्हा काढला आणि माझ्या हातात दिला.

"तुमचं कशाला वागवतील?" त्या म्हणाल्या. "त्यांचं स्वतःचं होतं की. सुट्टीनंतर मशीन तपासायला गेले तेव्हा गार्ड नाही हे त्यांनी बघितलं होतं. शोधायला पंधरा मिनिटं गेली असती. दिवाळीची ऑर्डर होती, म्हणून बघितलं न बघितलं केलं आणि शंकरभाऊंना म्हणाले, चालू कर. तेच सांगायचे ते. त्यांनी आपलं ठेवलं देवापुढे. तुमच्याबद्दल कधी चकार शब्द नाही. माहीत होतं का, ते मला नका विचारू."

मी गार्डकडे बघत बसलो. म्हणजे बावीस वर्षं मी ज्याच्या जिवावर निवांत होतो, तो माझं ओझं वाहतच नव्हता. स्वतःचंच वाहून नेऊन, उतरवून, मोकळा होऊन कधीच पुढे गेला होता. मी आपला त्याच्या मागे टॉवेल धरून उभा.

"मग माझं काय, वहिनी?" मी विचारलं. "माझ्यासाठी तुम्ही प्रार्थना कराल?"

"रोज करते," त्या पुन्हा पाटावर बसत म्हणाल्या. "पण शंकरभाऊंना कोण सांगणार, मी?"

"वांगणीला ना... बघतो. म्हणजे त्यांचं घर नक्की कुठे, ते एकदा नीट विचारून घेतलं पाहिजे."

वहिनींनी सुरी खाली ठेवली.

"भावजी, भलत्याच्या मयताला बरे न विचारता पोचलात! बदलापूरच्या पुढचं स्टेशन तेवढं तुम्हाला सापडत नाही."