बाबांच्या टॉर्चमधला पांढरा उजेड

आमच्या ताईचं लग्न एका बल्बपायी मोडता मोडता राहिलं, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसा बापा. त्या संध्याकाळी फाट्यावर मी होते, तुम्ही नव्हता.

बाबांकडे तीन सेलची टॉर्च होती. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी लागली तेव्हा घेतलेली, पत्र्याची, चकचकीत, अन् इतकी जड की धरणाऱ्याचं मनगट दुखायचं. तिच्यावर त्यांचा कोण जीव! सेल उतरले की छपराच्या टिनावर उन्हात ठेवायचे, त्यासाठी आईच्या कुरड्या बाजूला सरकवायचे, अन् दर उन्हाळ्यात त्यावरून भांडण व्हायचं. उजेड म्हणाल तर हळदीच्या पाण्यासारखा. अंगण ओलांडून पुढे जायचा नाही.

पण त्या पिवळ्या उजेडाला आमच्या फाट्यावर मान होता. गाव रस्त्यापासून आत, फाट्यावर ना दिवा ना पाटी. समुद्रपूरकडे जाणाऱ्या काळीपिवळ्या, म्हणजे माणसं कोंबून धावणाऱ्या जीपगाड्या, अंधार पडला की तिथे थांबतच नसत. बाबा कडेला उभे राहून टॉर्च गोल गोल फिरवायचे तेव्हा मात्र थांबायच्या. पिवळं चक्र दिसलं की वजनकाट्यावाले काकाजी उभे आहेत, हे सगळ्या ड्रायव्हरांना पाठ होतं.

ते भारनियमनाचे दिवस होते. दिवेलागणीलाच लाइट जायची. मी हिंगणघाटला कॉलेजात होते, तिथल्या एका दुकानात जुन्या टॉर्चमध्ये बसणारा एलईडी बल्ब आलेला पाहिला अन् मला राहवलं नाही. ताईला बघायला पुलगावचे पाहुणे यायचे होते. घरात निदान उजेड तरी धड असावा की नाही?

खरं सांगायचं तर हा मुलगा ताईला पाहिजे होता. एका लग्नात तो पंगतीत बुंदी वाढत होता, अन् ताईच्या पानात त्याने न विचारता दोनदा वाढली. ताईला बुंदी मुळीच आवडत नाही. तिने दोन्ही वेळा सगळी खाल्ली. त्यावरून मी काय ते समजले. घरात हे फक्त मलाच माहीत होतं, अन् पोटात ठेवून ठेवून माझं पोट फुगलं होतं.

बल्ब बसवला, बटण दाबलं. काही नाही. बाबांना कोण आनंद झाला! दुकानदारानं मला कसं बनवलं ते त्यांनी आईला दोनदा समजावून सांगितलं. ताई पोळ्या लाटत होती. ती पिठाच्या हातांनी उठली, सेल काढले अन् फिरवून घातले. बाबा आयुष्यभर सेल उलटे घालत आले होते. जुन्या बल्बला कसंही चालायचं, या नव्या नवाबाला चालत नव्हतं.

भक्कन उजेड पडला. समोरच्या निंबावरचे कावळे सकाळ झाली समजून ओरडायला लागले. मग बाबांना कोण आवरणार? त्यांनी म्हशीवर मारला, देवळाच्या कळसावर मारला, अन् पाण्याच्या टाकीपर्यंत उजेड पोचला तेव्हा आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवला, जणू टाकी त्यांनीच बांधली होती. जुन्या बल्बचं मग त्यांनी नावही काढलं नाही.

पाहुणे दुपारी यायचे होते. वर्ध्याला त्यांची पुढची गाडी चुकली. हिंगणघाटहून काळीपिवळीत बसतो, असा निरोप शेजारच्या दुकानातल्या फोनवर आला तोवर सूर्य मावळायला आला होता. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, टॉर्च घेतली अन् मला सोबत घेतलं. निघताना ताईने माझ्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात.

लांबून गाडीचे दिवे दिसले. बाबांनी टॉर्च उंच धरून फिरवली. पांढरंशुभ्र चक्र, सगळा रस्ता लख्ख! गाडी थांबली, पण कुठे? पार नाल्याच्या पुलापलीकडे. दिवे विझले. दारं आपटली, टपावरून धपाधप उड्या पडल्या, कुणाची तरी कोंबडी बोंबलायला लागली. मग दिवे लावून गाडी एकदम सभ्यपणे आमच्यापुढे येऊन उभी राहिली. आत मोजकीच माणसं, ऐसपैस बसलेली. ड्रायव्हरने हात जोडून बाहेर पाहिलं अन् बाबांना बघून त्याचा चेहरा पडला.

"काकाजी, तुम्ही होय? पांढरा उजेड पाहून मले वाटलं पोलिसाची चेकिंग हाय. अर्धी गाडी पुलापाशी उतरवली ना जी!"

ही आमच्या रस्त्याची रीतच होती. चेकिंग दिसली की जास्तीच्या माणसांनी आधीच उतरायचं, शेतातून चालत पुढे यायचं अन् पुन्हा चढायचं. नेहमीच्यांना सांगावंही लागत नसे. पण पुलगावचे पाहुणे गाडीत नव्हते. म्हणजे मुलगी बघायला निघालेली माणसं या घटकेला अंधारात, नाल्याकाठच्या कपाशीत उभी होती.

याआधी ताईचं दोन ठिकाणी फिस्कटलं होतं, त्यातलं एक तर चहा गार झाला एवढ्यावरून. अन् यांना आम्ही कपाशीत उतरवलं! दंडावरचा चिमटा अजून दुखत होता, अन् तो बल्ब मीच आणला होता.

बाबा पुलाच्या दिशेने उजेड धरून उभे राहिले. त्या उजेडात एकेक जण येऊ लागला. गाठोडंवाली बाई आली, कोंबडीवाला आला. मग तो मुलगा, पेढ्यांचा डबा छातीशी धरलेला. त्याचे वडील चपला हातात घेऊन. शेवटी त्याची आई, पदरभर कापूस चिकटलेला. बाबांनी टॉर्चसकट हात जोडले, उजेड गेला आभाळात, अन् सगळे पुन्हा अंधारात ठेचकाळले.

बाबा अजिजीने माफी मागायला लागले. मुलाच्या आईने त्यांना थांबवलं.

"राहू द्या जी. पाहुन्यासाठी एवढा उजेड धरून कोन उभं राह्यते?"

अन् ती अशी हसत सुटली की तिला दगडावर बसावं लागलं. तिला बघून तिचा नवरा हसला, ड्रायव्हर हसला, मुलगा तर डबा सावरत हसला. बाबा तेवढे कुणाला हसतात ते न कळून सगळ्यांच्या तोंडावर आळीपाळीने उजेड मारत राहिले.

घरी चहा उकळता होता, मी स्वतः बोट घालून पाहिलं. परतीची गाडी नव्हती म्हणून पाहुणे मुक्कामाला राहिले. टॉर्चच्याच उजेडात जेवणं झाली, अन् ताक वाढेपर्यंत बोलणं वरातीत माणसं किती आणायची इथवर येऊन पोचलं होतं.

ताईने मला चुलीपाशी ओढलं. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने मूठ उघडली, तर आत बाबांच्या टॉर्चचा जुना बल्ब.

"बाबाले म्हन, हा लावून ठेवा," ती म्हणाली. "वरात बी काळीपिवळीनंच येनार हाय."